कोरडा जोड

शाळांचे गणवेश शिवून झाले, शेवटचा गठ्ठा टेम्पोत चढला, की शिवणकारखान्यातल्या मैत्रिणी एक दिवस धबधब्याला जायच्या. यंदाही कापड बेतून कापणाऱ्या कटरबाईंनी खाकी कागदाच्या उरलेल्या तुकड्यावर यादी केली. काजं करणारीकडे फळं, इस्त्रीवालीकडे चटया, आणि शेवटी दरवर्षीसारखं ‘वन्सं : सामान’.

वन्सं म्हणजे कटरबाईंची थोरली नणंद. लग्न झालेलं नाही, भावाच्या घरी राहायच्या. मैत्रिणी डोहात उतरल्या की काठावरच्या खडकावर बसून सगळ्यांच्या चपला, पर्सा आणि चष्मे सांभाळायचे, हे सहा वर्षं त्यांचंच काम. निघायच्या आदल्या दिवशी कटरबाई विचारायच्या, “वन्सं, तुम्ही सामानापाशी बसाल ना?” त्यावर वन्सं म्हणायच्या, “बसते की.” प्रश्नातच उत्तर शिवलेलं असलं तर दुसरं काय निघणार! कुणी विचारलंच, तर त्यांना पाण्याची आवड नाही, असं कटरबाई सांगत. सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

बाई वाईट नव्हत्या हो. वन्संच्या गोळ्यांची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. नुसत्या नजरेनं माप घेणारी बाई, अर्ध्या इंचाची चूक व्हायची नाही. पण घरातल्या माणसाचं माप घ्यायचं राहूनच जातं.

त्या दिवशी डोह हिरवागार आणि संथ होता, काठच्या वेली पाण्याला टेकलेल्या. खडकावरून घसरून कटरबाईंची बाही उसवली. सुईदोरा वन्संच्या पिशवीत असणार, म्हणून त्या बाहेर आल्या. वन्सं पाण्याच्या बाटल्या आणायला गाडीकडे गेल्या होत्या आणि सामानापाशी गाडीवाले काका बसले होते.

पिशवीत सुईदोऱ्याखाली टॉवेल होता. टॉवेलाखाली सलवार-कमीजचा एक जोड. कापड कटरबाईंनी लगेच ओळखलं. पहिल्या सहलीच्या वर्षी त्यांनीच तो बेतला होता. त्यांनी घडी उलगडली आणि हात थांबला. धुऊन वापरलेलं कापड सगळीकडून सारखं विटतं. हे फक्त घड्यांच्या रेषांवर विटलं होतं. बाकी कोरं करकरीत!

“दरवर्षी आणतात,” काका म्हणाले. “पिशव्या मीच चढवतो ना. त्याआधी तो जोड आत आहे ना, हे त्या बघून घेतात.”

“पण त्यांना आवड नाही पाण्याची.”

“असं त्या म्हणाल्या, की तुम्ही?”

विचारलं तर त्या नकोच म्हणतात, असं काहीसं कटरबाई पुटपुटल्या.

“बाई, दुसऱ्याच्या घरात राहणारं माणूस पहिल्या खेपेला नकोच म्हणतं.”

“दुसऱ्याचं कसं? सख्ख्या भावाचं घर आहे.”

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले आणि पाण्याकडे बघत बसले.

बाटल्या घेऊन वन्सं आल्या. भावजयीच्या मांडीवरचा जोड बघून चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. “ते आपलं... पाऊस वगैरे आला तर असावं म्हणून.”

“वन्सं, चला.”

“अगं, पण सामान?”

“सामान काही बुडत नाही. मी बसते.”

“नको गं, वहिनी. या वयात लोक काय म्हणतील!”

एरवी कटरबाई एवढ्यावर मागे फिरल्या असत्या. आज त्या हात पुढे करून नुसत्या उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. मग वन्संनी हळूच बाटल्या खाली ठेवल्या आणि झाडीआड जाऊन तो जोड घालून आल्या.

घोट्यापर्यंत गेल्यावर त्यांनी पाण्याला दटावलं, “केवढं हे गार!” कमरेपर्यंत गेल्यावर दटावणं बंद झालं. काजं करणारीनं तोंडावर पाणी उडवलं, तर वन्संनी दोन्ही हातांनी सव्याज परत केलं. जेवायला तीनदा हाका मारल्या तेव्हा कुठे बाहेर आल्या. कटरबाई खडकावर चपला राखत बसल्या होत्या. चपला राखायला किती कंटाळा येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी तो जोड घरच्या दोरीवर ठिबकत होता. घड्यांच्या रेषा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या जायला अजून पुष्कळ धुणी लागतील.

वाचकहो, आपल्याही घरात सामानापाशी बसणारं कुणीतरी असेल. त्याला ‘तुम्हाला नको ना?’ असं विचारू नये. ‘चला’ म्हणावं, हात पुढे करावा, आणि पहिल्या ‘नको’नंतर थोडं थांबावं.