डाव्या पायाचा अंगठा

सुताराने टेबलावरचा प्लॅस्टिकचा जबडा उचलला आणि एक डोळा मिटून त्याची कड तपासली. जबडा त्याचाच, तपासणीच्या फोटोंवरून हुबेहूब केलेला. काळा रंगवलेला तुकडा मंगळवारी शस्त्रक्रियेत कापून काढायचा होता.

"इथे सांधा येणार," कानामागची पेन्सिल टेकवून तो म्हणाला. जबड्यातल्या गाठीमुळे शब्द तोंडातच घोळत होते. "तिरका कापा. नाहीतर फट राहील."

"बाबा, गप्प बसा हो!" लेक कुजबुजली. माणूस मरणाच्या दारात, आणि निघालाय डॉक्टरांना शिकवायला!

डॉक्टरबाई मात्र हसल्या. "तिरकाच कापतो आम्ही. जोडायचं हाड तुमच्याच पोटरीतून घ्यायचं. चालाल-फिराल, पण त्या पायाच्या अंगठ्यात पहिल्यासारखा जोर राहायचा नाही. कुठला पाय घेऊ?"

"उजवा. डाव्याला हात लावायचा नाही."

का, ते लेकीला ठाऊक होतं. चाळीस वर्षं तो जमिनीवर बसून, डाव्या अंगठ्याखाली फळी दाबून करवत चालवत आला होता. अंगठा फाकून पार बाजूला गेला होता. तिचं शिक्षण, लग्न, सगळं त्या अंगठ्याच्या जिवावर झालं.

डॉक्टरांनी कागदावर 'उजवा' लिहिलं.

"किती टिकेल?" त्याने विचारलं.

"जबडा? अगदी पक्का बसेल. नीट जेवाल."

"जबड्याचं नाही विचारत मी."

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. बाबांना सांगू नका म्हणून चार दिवसांपूर्वी तिनेच हात जोडले होते. तिने मान खाली घातली.

"वर्षभर," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातले सहा-सात महिने उपचारांतच जातील."

त्याने जबडा जपून जागेवर ठेवला. पेन्सिलही शेजारी ठेवली.

"मग डावा घ्या."

"अहो बाबा, फळी कशानं दाबाल?" लेकीचा आवाज चिरकला.

"उजव्यावर भार देऊन उठतो मी," तो डॉक्टरांनाच म्हणाला. "संडासला जायला तरी कुणाला हाक मारायला नको."

डॉक्टरांनी 'उजवा' खोडलं.

जिना उतरताना लेकीचं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. हत्यार कुठे विसरणारा माणूस नव्हता तो.

"बाबा, पेन्सिल आतच राहिली. आणू?"

"राहू दे," तो म्हणाला आणि कठडा धरून पुढची पायरी उतरला.