पापणी सुकेपर्यंत

"एका हरणाला वर्ष?" अबू आदिल म्हणाला. "माझं घरसुद्धा वर्षात बांधून झालं."

"घराला चेहरा नसतो, सर," मी म्हणाले.

तो हसला. मागे गफूरचाचा खोकले, म्हणजे 'पोरी, आवर'. पण मी कसली आवरते. एप्रिलपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटत 'प्रेझेंट' म्हणणारी मुलगी होते. मग इंटरस्कूल डिबेट जिंकले, सप्टेंबरात स्टुडंट कौन्सिलमध्ये निवडून आले, आणि मला असं वाटायला लागलं की मी तोंड उघडलं की समोरच्याला पटतंच.

आखातातल्या आमच्या शहरात, शुवेखमध्ये, गॅरेजांच्या रांगेत बाबाचं वर्कशॉप आहे. म्हणजे मालकाचं, बाबा तिथला कारागीर. हौशी शिकारी बाहेरच्या देशांत जाऊन जनावर मारतात आणि मीठ लावलेलं कातडं इथे आणतात. कासरगोडचे गफूरचाचा ते कमावतात, बाबा ते फोमच्या साच्यावर चढवून त्याचा चेहरा करतो. शत्रुघ्न हे नाव मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, काही केल्या उच्चारता येत नाही. तो बाबाला 'शातिर' म्हणतो. अरबीत त्याचा अर्थ हुशार, म्हणून बाबा चालवून घेतो. कुडाळजवळच्या आमच्या गावात बाबा गणपतीच्या शाळेत मूर्तींचे डोळे आखायचा. इथे तो काचेचे डोळे बसवतो आणि पापण्या जुळवतो. मेलेलं जनावर जिवंत दिसतं की भुसा भरलेलं, ते सगळं पापणीवर ठरतं.

आता खरं सांगते. हरणाला वर्ष लागत नाही. कातडं कमावून झालं की चार-पाच महिन्यांत बाबा ते भिंतीवर लटकवण्याजोगं करतो. पण रमजानात त्याच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, डाग आला. साखरेमुळे. कडेचं दिसतं, त्यामुळे तो चालतो, चहा करतो, बसचा दरवाजा शोधतो आणि कोणाला कळत नाही. समोरचं मात्र पुसल्यासारखं. मी त्याच्यासमोर बसले की मला कान असतात, चेहरा नसतो, असं तो म्हणाला होता. हे मला, आईला आणि गफूरचाचांना माहीत होतं. मुदीरला कळलं की नोकरी गेली. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि बाबाचा इकामा गेला की माझाही. माझी दहावीची परीक्षा फेब्रुवारीत होती. म्हणून जे काम येईल ते लांबवायचं, असं महबूल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ठरलं. आणि लांबवायला बोलावं लागतं. बोलणारी कोण, तर मी.

म्हणून शुक्रवार-शनिवार, शाळेच्या सुट्टीचे दोन्ही दिवस, मी वर्कशॉपला. हरणाचं कातडं घेऊन आलेल्या अबू आदिलला मी सगळं समजावलं. कातड्याची घाई केली तर केस गळतात, कान आतून कसा सोलतात, नाक मेणाने ओलं कसं दाखवतात, डोळा मातीत कसा बसवतात. हात हलवत, डिबेटसारखं. तो स्टुलावर बसून ऐकतच राहिला. शेवटी म्हणाला, "तू एवढं छान सांगितलंस की मला बघायचंच आहे. चेहरा करतील तेव्हा मी येणार. पुढच्या शनिवारी करा."

गफूरचाचा परत खोकले. ह्या वेळी उशीर झाला होता.

आम्ही बसने परत निघालो. फहाहील रोडवर मी म्हणाले, "आय विल हँडल इट, बाबा."

"तू काय हँडल करतलंस? पापणी?"

मग तोच म्हणाला, "तुका मालवणी येता मां?"

घरी आईबाबा मालवणी बोलतात आणि मी इंग्लिशमध्ये उत्तरं देते. मालवणी मला कशीशीच वाटायची, विशेषतः शाळेच्या गेटपाशी. "थोडीशी," मी म्हणाले.

"पुरे. थय दुसऱ्या कोणाक येणा नाय."

शनिवारी अबू आदिल खजूर घेऊन आला. बाबाने ओलं कातडं साच्यावर ओढलं. बाकी सगळं त्याला बोटांनी येतं. शिंगांच्या मुळाशी टाके घालताना तर तो खिडकीकडे बघत होता. मग पापण्या. मी शेजारी उभी राहिले.

"हसत बोल," बाबा म्हणाला. "बाजारात बांगडे बघतंव तसा दिसाक होया. आणि तुका दिसता ता सांग. तुका वाटता ता नको."

"डावी, वरची. वायच खाली घे."

"इतकी?"

"अजून. बस. आता कोपऱ्याक माती दिसता."

"खयच्या कोपऱ्याक, गो? डोळ्याक दोन आसतत."

"नाकाच्या बाजूक."

"काय चाललंय बापलेकीचं?" अबू आदिलने विचारलं.

"बाबा विचारतात की डब्यात काय आणलंस," मी म्हणाले. एक अक्षर न कळता सगळं कळलेल्या गफूरचाचांनी त्याच्यापुढे चहाचा दुसरा ग्लास ठेवला.

तासाभराने पापणी काचेला अगदी बेताने टेकली. मी चारही बाजूंनी बघितलं. "बरोबर आसा," मी म्हणाले. ते हरण माझ्याकडे शांतपणे बघत होतं. अबू आदिलने बाबाचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. मला वाटलं, जिंकलो. फेब्रुवारीच काय, मी बाबाला पुढची दहा वर्षं चालवेन असं वाटलं. परतताना मी बसमध्ये मालवणीतच बडबडत होते आणि बाबा माझे उच्चार सुधारत होता.

मग हरण सुकायला ठेवलं, कानांना पुठ्ठे, पापण्यांना टाचण्या. सुकायला तीन आठवडे लागतात. कातडं सुकताना आक्रसतं, हे मी अबू आदिलला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पण त्यासाठी पापणी ओली असताना जास्तीची, थोडी लोंबती ठेवायची असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. किती, ते प्रत्येक कातडं बघून ठरतं आणि बाबा ते वीस वर्षं बघूनच ठरवत होता. मी त्या दिवशी बरोबर दिसेल तिथे थांबवलं.

टाचण्या काढल्या तेव्हा डावी पापणी मागे सरकली होती. काचेच्या वर मातीची फट. बाबाने तिथे बोट फिरवलं आणि ते तिथेच राहिलं.

"कसा दिसता?"

मला दिसलं तेच मी सांगितलं. "घाबरलेलं दिसतंय."

"मरताना घाबारलेलाच आसतला," बाबा म्हणाला.

गफूरचाचा म्हणाले, "दो दिन दे दो, मैं भर देता हूँ." पण अबू आदिल दारात उभा होता. मुदीरने त्याला सकाळीच फोन केला होता.

तो हरणासमोर बराच वेळ उभा राहिला. मग खिशातून फोन काढून त्याने फोटो शोधला आणि फोन बाबाच्या समोर धरला. "हे बघ, शातिर. मी बंदूक उचलली तेव्हा ते असं बघत होतं. त्याला माहीतच नव्हतं. दिसतोय फरक?"

बाबा मान तिरकी करून बघू लागला. मी पुढे व्हायला हवं होतं, पण माझ्या आणि फोनच्या मध्ये टेबल होतं. बाबा बघत राहिला, आणि फोनचा स्क्रीन विझला. काळा झाला.

"हां, हां," बाबा म्हणाला. "फरक दिखता है. ठीक कर देगा."

अबू आदिलने काळ्या स्क्रीनकडे बघितलं. मग बाबाकडे. फोन सावकाश खाली घेतला आणि मला इंग्लिशमध्ये विचारलं, "यांना कधीपासून दिसत नाही?"

  "रमजानपासून," मी म्हणाले.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. म्हणाला, "इथे ब्लेड आहेत, ॲसिड आहे. मला मुदीरला सांगावंच लागेल, बेटा." आणि सांगितलं.

मुदीरने इकामा रद्द होण्याची तारीख थोडी पुढे ढकलली, तेवढंच. शाळेत मॅडमनी सांगितलं की परीक्षेचं केंद्र आता बदलता येणार नाही. दहावी पुढच्या वर्षी, कुडाळला. मी त्यांच्याशी वाद घातला, चांगला घातला, आणि त्यांना पटलंसुद्धा. पण पटून काही होत नाही.

शेवटच्या शनिवारी बाबाने मुदीरकडे एकच गोष्ट मागितली. डावी पापणी. कातडं मऊ व्हावं म्हणून गफूरचाचांनी आदल्या दिवसापासून तिथे ओला कापूस ठेवला होता. बाबाने स्टूल ओढलं, चष्मा काढून खिशात घातला आणि डोळे मिटून घेतले. नुसती बोटं.

मी तोंड उघडलं.

"बोला नको," तो म्हणाला. रागाने नाही.

दुपारपर्यंत तो त्या एका पापणीशी होता. थोडी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. झालं तेव्हा ती मला फारच ढिली वाटली, झोप आल्यासारखी. मला विचारलं असतं तर मी नक्कीच 'वर घे' म्हटलं असतं. गफूरचाचांनी बाबा दाखवेल तिथे टाचण्या लावल्या.

"आता सुकाक तीन आठवडे," बाबा म्हणाला आणि हात धुवायला गेला. आमचं विमान गुरुवारी होतं.

"चाचा, फोटो पाठवा," मी म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

"अच्छा नहीं आया तो?"

बाबाने नळ बंद केला. कडेने, जिथून त्याला दिसतं तिथून, माझ्याकडे बघत म्हणाला, "तरी सांग माका."