शेवटच्या गाण्यातली हलगी

मिलिंदने ढोलावर पहिला प्रहार केला की त्याच्या बाह्यांतून आणि केसांतून तंबाखूची पिवळसर धूळ सुटायची, आणि पत्र्याच्या फटीतून आत आलेल्या उन्हाच्या तिरप्या पट्टीत क्षणभर तरंगत राहायची. आठवडाभर तो निपाणीच्या एका वखारीत तंबाखू चाळायचा. रविवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सकाळच्या गाडीने बेळगावला यायचा. पण वखार काही त्याच्या अंगावरून उतरत नसे. आम्ही दोघे शिंकत राहायचो आणि तो नुसता डोळ्यांनी हसायचा.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि फ्रान्सिस. फ्रान्सिस कॅम्पातला. त्याचे वडील लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड हे आमचे रविवारचे राज्य. मी उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, बेळगावात कॉलेज करून नुकताच एका कचेरीत चिकटलेला. सत्तरचे दशक सरत आले होते. लोंढ्याहून गाडी धरून फ्रान्सिस गोव्याला मावशीकडे जायचा आणि तिथल्या खलाशांनी आणलेल्या परदेशी तबकड्या ऐकून यायचा. त्यातूनच तसलेच कर्कश संगीत वाजवायचे वेड आमच्या डोक्यात शिरले. सुरेल असे काही आम्हांला वाजवायचेच नव्हते. फ्रान्सिसच्या गिटारला जोडलेला ध्वनिवर्धक जुन्या रेडिओच्या सामानातून जुळवलेला होता आणि त्याच्या कर्ण्याचा कागद फाटलेला होता. त्यातून निघणारा स्वर घसा बसलेल्या माणसाने आक्रोश करावा तसा निघे. तो दुरुस्त करायचा नाही, असे आम्ही ठरवले. मी जाड तारांची गिटार बडवायचो आणि गाण्याच्या नावाखाली ओरडायचो. आमच्या या तिघांच्या मेळाला आम्ही ‘भोंगा’ असे नाव दिले होते.

या सगळ्या कल्लोळाला कणा होता तो मिलिंदच्या हातांचा. मोडीत निघालेला एक मोठा पडघम, दोन लहान ढोल आणि तेलाचा एक रिकामा डबा, एवढ्यावर तो असा काही कोसळायचा, की जणू वळवाच्या गारा पत्र्यावर एकदम याव्यात. मात्र त्या कोसळण्यात एक शिस्त असे. त्याचे खांदे स्थिर असत, मान किंचित डावीकडे कललेली, ओठ मिटलेले. आणि मनगटे मात्र स्वतंत्र जीव असल्यासारखी धावत. दोन ठोक्यांच्या मध्ये तो जी रिकामी जागा सोडायचा, तिच्यात ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा. शेजारचे लोक तक्रार घेऊन यायचे ते आमच्या आवाजाची. त्याचा ठोका ऐकताना मात्र दारातच थबकायचे, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ऐंशी उजाडल्यावर आम्ही आमची पहिली कॅसेट करायला घेतली. मंडपवाल्याकडून दोन माइक आणले, शेडच्या भिंतींना गोणपाटे लावली आणि उसन्या टेपरेकॉर्डरवर चार रविवार खपून सहा गाणी भरली. सातवे, दुसऱ्या बाजूचे शेवटचे, काही केल्या जमेना. ते फार मोठे, संथ, जड गाणे होते. त्याच्या काळोखात काहीतरी लखलखीत, धारदार असे हवे होते. मी सहज बोलून गेलो की इथे हलगी कडाडली पाहिजे.

मिलिंदचे हात थांबले. तो पडघमाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने जे सांगितले ते मी आजवर जसेच्या तसे जपले आहे. त्याचे आप्पा तरुणपणी हलगी वाजवायचे. लग्नात, जत्रेत, मर्तिकाला, गावाची हाक आली की जायचे आणि ज्या दारात वाजवायचे त्या दाराच्या बाहेर उभे राहायचे. ज्या वर्षी घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षी त्यांनी खुंटीवरची हलगी काढली, विळ्याने तिचे कातडे उभे चिरले आणि सांगितले की या घरातले कोणी आता कुणाच्या दारात वाजवणार नाही. मिलिंदचा जन्म त्यानंतरचा. तो शिकला ते आजोळी, मामाच्या हाताकडे बघून, आणि आप्पांना ते ठाऊक नव्हते.

“वाजवतो मी,” तो म्हणाला. “पण वसंता, कव्हरवर हलगी म्हणून लिव्हायचं न्हाय. कुणी इचारलं तर ड्रम म्हणायचं. कुठनं आलं, कुणाचं हाय, कायबी सांगायचं न्हाय.”

मी शब्द दिला.

पुढच्या रविवारी तो मामाची हलगी घेऊन आला. शेडबाहेर पाचोळा पेटवून त्याने ती शेकली. कातडे तापून ताणले गेले तसा त्याचा चेहराही ताणला गेल्यासारखा दिसला. एका हातात बारीक छडी, दुसऱ्यात आखूड टिपरू. फ्रान्सिसचा फाटका स्वर घोंगावू लागला आणि त्याच्यावर ती हलगी अशी तुटून पडली, की मी ओरडायचे विसरलो. ते गाणे शब्दांवाचून राहिले ते यामुळे. वाजवून झाल्यावर मिलिंदने हलगी भिंतीशी उलटी ठेवली आणि प्रथमच, दात दिसतील असा, मोकळा हसला. त्या हसण्यात एखादे कुलूप गंज झाडून उघडावे तशी काही सुटका होती.

कॅसेटच्या थोड्या प्रती निघाल्या. कव्हर मीच लिहिले, आणि शब्द दिल्याप्रमाणे त्याच्या नावापुढे ‘ड्रम’ लिहिले.

लेखणीने पाळलेला तो शब्द जिभेने मात्र पाळला नाही. एक प्रत घेऊन मी उचगावला गेलो. दुपारची जेवणे उरकून मंडळी सोप्यात बसली होती. मधोमध आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, ज्यांच्या होकारावाचून आमच्या घरात भिंतीला चुनाही लागत नसे. मी कॅसेट लावली. भावंडे हसू लागली. कुणी कानांत बोटे घातली. तात्यांनी दोनदा बंद करायला सांगितले. माझे कान तापले होते. मग ते शेवटचे गाणे आले आणि तात्या ताठ बसले. हलगी कोण वाजवतंय, त्यांनी विचारले.

‘ड्रम आहे तो’ एवढे म्हणणे मला पुरले असते. पण कौतुकाचा एक थेंब दिसला आणि मला तहान आवरली नाही. माझा मित्र आहे, निपाणीचा मिलिंद, असे मी सांगितले. आणि कुणी विचारले नसताना पुढे म्हणालो, त्यांच्या घरातलंच आहे ते, पिढ्यान्‌पिढ्यांचं.

तात्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. मग आपल्या जत्रेला त्याला बोलवूया की, असे ते म्हणाले. ते मी ऐकले. त्याच क्षणी त्यांना अडवायला हवे होते. मी कॅसेट उलटी करून पुन्हा लावली, जणू ते करणे फार निकडीचे होते.

तात्या खरोखरच गेले. निपाणीला तंबाखूच्या कामाने गेले असता त्यांनी वखारींतून चौकशी करून घर शोधून काढले आणि आप्पांना सांगितले की मुलाला जत्रेत पालखीपुढे वाजवायला पाठवा, पूर्वी तुमची माणसे यायची तसे. आप्पांनी या घरात कुणी वाजवत नाही म्हणून सांगितले. तेव्हा तात्यांनी माझे नाव घेतले आणि कॅसेटविषयी सांगितले.

हे मला मिलिंदने सांगितले, पुढच्या रविवारी. तो शेडमध्ये आला, पण बसला नाही.

“आप्पांनी मला एका शब्दानं इचारलं न्हाय,” तो म्हणाला. “निस्ती कॅसेट लावायला सांगिटली. शेवटचं गाणं सगळं ऐकलं. म्हणाले, चांगलं वाजवलंयस. आन् उठून आत गेले. वसंता, त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं रं.”

मी काहीतरी बरळलो. तारीफच केली होती, तात्या असे करतील हे मला काय ठाऊक, वगैरे. फ्रान्सिस माझ्याकडे बघेना.

“तुला माझं वाजवणं सांगायचं हुतं,” मिलिंद शांतपणे म्हणाला. “तू माझी जात सांगिटलीस.”

तो गेला. त्या रिकाम्या स्टुलाभोवती आम्ही दोघांनी दोन-तीन रविवार वाजवून पाहिले. मग फ्रान्सिसने ध्वनिवर्धकाची वायर काढून गुंडाळून ठेवली, आणि ‘भोंगा’ संपला.

आप्पांसमोर जायचे धाडस गोळा करायला मला पावसाळा आणि हिवाळा असे दोन ऋतू लागले. निपाणीत गेलो तेव्हा दुपार कलली होती. मिलिंद पुण्याकडे एका कारखान्यात लागला होता. आप्पा एकटेच होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले, सडपातळ. मान मिलिंदसारखीच किंचित डावीकडे कललेली. माझे नाव ऐकून त्यांनी मला आत घेतले आणि खुर्ची पुढे केली. मी माफीचे पाठ केलेले शब्द काढले. ते माझे बोलणे संपेपर्यंत थांबले.

“तुमच्या तात्यांना हीच खुर्ची दिलती,” ते म्हणाले. “बसले न्हाईत. च्या केलता, घेटला न्हाय. तुम्ही घ्या.”

मी चहा घेतला. कप रिकामा करून खाली ठेवला.

“वाजवणं वाईट म्हणून मी सोडलं न्हाय,” मग ते बोलले. “हाकेवर वाजवायचं सोडलं. त्या कॅसेटात माझं पोरगं आपल्या मर्जीनं वाजवत हुतं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पर तुम्ही ती हाक पुन्हा दारात आणून उभी केलासा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्या आडोशाला उभे राहता आले असते.

मिलिंद मला पुन्हा भेटला नाही. मी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही, आणि यावे असा माझा हक्कही नव्हता. फ्रान्सिसला तो एकदा पुण्यात दिसला होता. संसारात होता, बरा होता. वाजवतोस का, असे फ्रान्सिसने विचारल्यावर त्याने विषय बदलला. कधीतरी कुणी हौशी तरुण ती कॅसेट कुठून तरी मिळवून माझ्याकडे येतात, त्या ओबडधोबड, जखमी आवाजाची वाखाणणी करतात, आणि शेवटच्या गाण्यातले ते कडाडणारे वाद्य कोणते म्हणून विचारतात. मी आता ड्रम म्हणतो. त्यांना ते पटत नाही. पटू नये इतके ते स्पष्ट ऐकू येते. तरी मी तेच म्हणतो. माणूस दूर निघून गेला की त्याच्या माघारी आपण त्याच्याविषयी काय बोलतो, एवढेच नाते काळ आपल्या हाती ठेवतो. आणि माझ्या वाट्याचे ते नाते, तो माझ्यापासून केवळ पन्नासेक मैलांवर असताना, एका दुपारी भरल्या सोप्यात मीच बोलून संपवले होते.