न उडालेल्या विमानाचं रिडक्शन

"बोटानं छेड पट्ट्याला आणि ऐक. बसका बोलला, तर अजून ताण."

हा आवाज हरेशचा. कितीतरी वर्षं लोटली, पण माझ्या रबरात तो अजून मुरलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुनं रिडक्शन आहे, घरी बांधलेल्या एका विमानाचं. एक लहान दातेरी चाक खाली, एक मोठं वर, आणि दोघांना कवेत घेणारा चार बोटं रुंद पट्टा, एवढाच माझा देह. विमानाला इंजिन होतं जुन्या मोटारीचं. मोटारीच्या इंजिनाला धावायची भारी घाई. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला मात्र सावकाश हवा कापायची सवय. घाईने फिरवला तर तो नुसता किंचाळतो, ओढत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये मी. इंजिनाकडचं खालचं चाक दोनदा फिरे, तेव्हा वरचं एकदा. एकाची घाई घ्यायची, दुसऱ्याला बळ द्यायचं.

मला घडवलं हरेशने. राहायला उल्हासनगर कॅम्प एक, वर्कशॉप अंबरनाथच्या आनंदनगरला. एकेक दात कापी, फुंकर मारी, नखाने चाचपी, आणि मगच पुढचा दात. विमान त्याच्या मित्राचं, जयदेवचं. बदलापूरकडच्या आपल्या गावी, रिकाम्या गोठ्यात तो ते बांधत होता. त्याची आई बनूबाई दारात उभी राहून म्हणे, "गोठ्यान ह्यो काय बांधलास रं? याला वैरन काय घालशील?"

"पेट्रोल, आई," हरेश म्हणे. "पण शेण नाही देणार हा, पहलेच सांगतो."

सुखाचे दिवस होते ते. येणारा-जाणारा माझ्या दातांवरून बोट फिरवी आणि हरेशचं नाव घेई.

भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात माझी परीक्षा ठरली. विमानाची शेपूट आंब्याला बांधायची आणि पंखा पूर्ण जोराने फिरवून दाखवायचा. ते जमलं की उड्डाणाच्या परवानगीला अर्ज, आणि मग जयदेव वर जाणार. त्याने तसं गावभर सांगितलं होतं.

त्या सकाळी हरेश अंबरनाथच्या शिवमंदिरातून प्रसाद आणायला गेला. जयदेव एकटाच माझ्याजवळ आला. बराच वेळ त्याने आभाळाकडे पाहिलं. मग पाना घेऊन माझा ताण धरणारा बोल्ट त्याने ढिला केला. माझा आवाज बसला. मित्रांनो, मला ओरडायचं होतं, पण मला तोंड नाही.

हरेश आला, पंख्याला प्रसाद लावला. पट्टा छेडायला त्याने बोट पुढे केलं, तर जयदेव म्हणाला, "मी बघितलंय." हरेशने हात मागे घेतला. मित्रावर विश्वास होता त्याचा.

इंजिन गरजलं. पट्ट्याने उडी मारली, रबराचे दात सोलून शेतभर उडाले, पंखा थांबला. मग शेजारचा बबन म्हणाला, "हरेशशेठ, जीन्सचा डुप्लिकेट पट्टा लावला काय कॅम्पातला?" सारं शेत हसलं. त्या हसण्याच्या आड जयदेवने बोल्ट परत आवळला आणि म्हणाला, "चाकाचे दात चुकले असतील."

हरेशने मला वाकून पाहिलं. "असतील, भाऊ," तो हळूच म्हणाला.

तेव्हापासून मला लाज वाटते. माझा दोष नव्हता, तरी वाटते. ज्या हातांनी मला घडवलं, त्यांना मी खाली बघायला लावलं. बाजारात कुणाचं काही घसरलं की लोक म्हणत, "हरेशचा पट्टा झाला वाटतं." हरेश स्वतःही हसे. पण दात कापायचं काम त्याने पुन्हा हाती धरलं नाही, आणि विमान गोठ्यातच राहिलं. गोणपाटात गुंडाळून त्याने मला वर्कशॉपच्या माळ्यावर ठेवलं. जयदेव चहाला यायचा, आणि माळ्याकडे मान कधी वर करायचा नाही.

मित्रांनो, यंत्रांना जपा. पण एखादं मोडलं, तर कुणाचं नाव घ्यायची घाई करू नका. माझा पट्टा बदलता येईल. बिचकलेला हात कसा बदलायचा?

आता वर्कशॉप हरेशची मुलगी नेत्रा बघते. परवा दातेरी चाकांचं एक मोठं काम चालून आलं. तिला ते हवं होतं. हरेश नको म्हणाला, तेव्हा तिने मला माळ्यावरून उतरवलं, धूळ पुसली आणि माझा एकेक दात मोजला. जयदेव समोरच स्टुलावर चहा पीत होता.

"पप्पा, माप तर एकदम बरोबर आहे."

"माप बरोबर, तरी पट्टा उडाला ना? कुठेतरी माझं चुकलंच, बेटा. ते काम परत पाठव."

"पण चुकलं काय, ते तरी सांगा."

"तेच तर आजपर्यंत समजलं नाही," हरेश म्हणाला. त्याचा अंगठा माझ्या दातांवरून फिरत होता, भीतभीत, परक्या वस्तूवरून फिरावा तसा.

नेत्राने ते काम नाकारायला फोन उचलला. जयदेवने कप खाली ठेवला.

"थांब पोरी. हरेश, दात बरोबर होते. तू प्रसादाला गेलास, तेव्हा बोल्ट मी ढिला केला. पंखा नीट फिरला असता, तर मला वर जावं लागलं असतं. मला भीती वाटली रे."