कोकराच्या गोष्टीला मी दिलेली धार

मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. मी एक जुनी कातर आहे. मंद्रूपच्या सिद्धप्पाने मला लोहाराकडून घडवून घेतले, त्याच्या लेकाने, बिरदेवाने, मेंढरांची लोकर कातरत मला आयुष्यभर चालवले आणि बिरदेवाचा लेक माउली सोलापुरात नोकरीला लागल्यावर त्याने मला ट्रंकेच्या तळाशी टाकले. या तिघांमागून आली माउलीची लेक सुकन्या.

बिरदेवाची एक रीत होती. कातरताना मेंढी बुजू नये म्हणून तो तिला गोष्ट सांगे. ओढ्यापलीकडे कोकरू ओरडते आहे आणि अलीकडे त्याची आई उभी आहे. एवढ्यात लोकर उतरे, मेंढी पळे आणि गोष्ट तिथेच थांबे. सुट्टीला आलेली छोटी सुकन्या हटून बसे.

"आज्जा, पुढं काय झालं?"

"मला तरी कुटं ठावं हाय? फुकट ऐकलीस न्हवं? मोठी झालीस की शेवट तू सांग. देणं हाय तुज्यावर."

पुढे मेंढरे गेली, बिरदेवाची नजर गेली, माझ्या पात्यांवर गंज चढला.

सुकन्या लेखिका झाली. यंदा तिने ती गोष्ट लिहिली. आज्जा अंथरुणाला खिळलेला. शेवट त्याच्या कानी पडेल ना, हीच तिला धास्ती. सोलापुरात, माउलीच्या नवी पेठेतल्या घरी तिने आज्जाला वाचून दाखवायला घेतले. माळरानाचे वर्णन संपेना. आज्जाचे डोळे मिटले.

"झोपलास व्हय, आज्जा?"

"मी जागा हाय. मेंढरं झोपली की."

ती हसली. तिने मला ट्रंकेतून काढले, धार लावून आणली आणि कागद जमिनीवर पसरले. माळरान कापले. मेंढीचे लांबलचक मनोगत तिचे फार लाडके होते. त्यापाशी तिचा हात थबकला. मग तेही कापले. लोकर गेली, कातडीला ओरखडा नाही. मला पुन्हा असे काम देणाऱ्या त्या हाताचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही लिहाल तेव्हा आपल्याच लाडक्या ओळींवर पाते चालवायला कचरू नका, आणि घरातल्या जुन्या हत्यारांना गंजू देऊ नका.

संध्याकाळी तिने पुन्हा वाचले. मेंढी पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत बुडाली, पलीकडे चढली. कोकराने आधी तिच्या पोटाला ढुशी दिली आणि मग ते पिऊ लागले.

"ढुशी दिली व्हय," बिरदेव पुटपुटला. "मग तिचंच कोकरू. परकं अशी ढुशी द्यायला धजत न्हाई." त्याने चाचपत तिचा हात धरला. "फिटलं, पोरी. समदं फिटलं."