फोनच्या कानातली पेंड

माझं नाव हैबतराव. वय बावीस, वजन सत्तेचाळीस किलो. नाव आजोबांचं आहे, वजन माझं स्वतःचं. रोह्यात एस.टी. स्टँडसमोर आमचा एसटीडी बूथ आहे. तो माझ्या दाजींच्या नावावर आहे, पण दाजी धाटावला कंपनीत शिफ्टला असतात आणि ताई त्यांच्यावर लक्ष ठेवून असते, त्यामुळे बूथवर मीच बसतो.

पंचाण्णव साली गणपतीच्या तीनेक आठवडे आधी दोन महिने नुसता खरखरणारा आमचा फोन पार बहिरा झाला. इकडचं बोलणं पलीकडे जायचं, पलीकडचं इकडे यायचं नाही. हे आधी सुगराचाचीच्या लक्षात आलं. तिचे लतीफचाचा कुवेतला असतात. अर्धा तास बोलून ती काचेच्या दारातून बाहेर आली ती घामाघूम.

"काय रे हैबत्या, हा फोन हाय का नारळ? त्यांचं एक अक्षर ऐकू आलं नाय. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सगळं मीच बोलले."

"मग बरंच झालं की, चाची."

"बरं काय? भांडायचं तर समोरून काय तरी यायला नको?"

फोनचा कान साफ करायचं एक शास्त्र आहे. ते मीच तयार केलेलं असल्यामुळे माझा त्यावर विश्वास आहे. कानाकडचं भोकांचं झाकण उलटं फिरवून काढायचं. त्याच्या खाली पातळ पत्र्याची चकती असते, तिला बोट लावायचं नाही. पाणी नाही, स्पिरिट नाही, फुंकर नाही, कारण माणसाच्या फुंकरीत थुंकी असते, विशेषतः रोह्यातल्या. सुई तर मुळीच नाही. सुईने जुनं भोक साफ होतं आणि चकतीला नवं पडतं. फक्त मऊ, कोरडा, जुना टूथब्रश वापरायचा आणि तो फिरवताना भोकांचं तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो. दाजींचा ब्रश मऊ होता म्हणून मी तो घेतला. जुना नव्हता, पण संध्याकाळपर्यंत झाला.

एरवी फोनच्या भोकांतून पावडर निघते, तंबाखू निघते, एकदा साबुदाणा निघाला होता. त्या बुधवारी तपकिरी, तेलकट भुगा निघाला. वास घेतला. शेंगदाणा. शास्त्राच्या दृष्टीने थोडा चाखलाही. पेंड होती. तेल गाळल्यावर घाण्यात जो चोथा उरतो आणि म्हशींना घालतात, ती.

रोह्यात पेंड दोघांकडेच असते. म्हशींकडे आणि एझ्राकाकांकडे. म्हशी आमच्या बूथवर येत नाहीत.

एझ्राकाका म्हणजे तेलाचा घाणा असलेले आमच्या आळीतले म्हातारे. बहात्तर वर्षांचे. काका ज्यू, त्यांच्या जातीची बाकी सगळी घरं एकेक करून इस्रायलला गेली. काका, त्यांचा घाणा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा त्यांचा नेम एवढंच मागे राहिलं. काकांची एकुलती एक मुलगी डेबोरा तिकडे अश्दोदला असते. ती दर रविवारी दुपारी चारला आमच्या बूथवर फोन करते. तिकडे रविवार कामाचा असतो, ती जेवणाच्या सुट्टीत करते. गेले दोन महिने काका रिसिव्हर कानाला लावायचे, "काय गो? ऐकू येत नाय गो!" असं आठ-दहा वेळा ओरडायचे आणि ठेवून द्यायचे.

ब्रश फिरवून झाला आणि योगायोग बघा, त्याच संध्याकाळी डेबोराताईचा फोन आला. आवाज घंटेसारखा खणखणीत.

"हैबत, बाबांना सांगू नको हां. मी त्यांना केव्हापासून विचारतेय, इकडे येता का म्हणून. त्यांना काही ऐकूच येत नाही. कान गेलेत त्यांचे. बहिऱ्या माणसाला एकटं कसं ठेवायचं रे? आता रविवारी शेवटचं विचारते. नीट ऐकून हो म्हणाले, तर तिकीट पाठवते. नीट ऐकून नाही म्हणाले, तर माझा नाइलाज. पण ऐकू आलं नाही, तर मीच येऊन त्यांना घेऊन जाणार. घाणा विकून."

मी "बरं" म्हणालो.

गुरुवारी सकाळी काका नेहमीसारखे पेपर वाचायला बूथमध्ये आले. आमच्याकडे पेपर येत नाही. दहा मिनिटं आत बसून ते निघाले तेव्हा मी रिसिव्हर उचलून बघितला. भोकं पुन्हा बंद. आणि आता त्यात चकाकी होती.

"काका, बसा जरा."

"घाई हाय रे."

"पेंड तुमची ना ही?"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "पहिली टिकली नाय," ते म्हणाले. "म्हणून ह्या टायमाला गुळाच्या पाकात मळून भरली."

"पण का?"

"तिला नाय म्हणायला मला तोंड नाय, हैबत्या. म्हणून कान बंद केला."

मग मी त्यांना डेबोराताईचा निरोप सांगितला, जो मला सांगू नको म्हणून सांगितला होता. कान बंद म्हणजे आता तिकडे "हो" असं धरणार आहेत हे कळल्यावर काका खुर्चीत बसले ते बसलेच.

"घाणा विकणार?"

"असं म्हणाली."

"आणि मी तिकडं काय करू? अश्दोदात शेंगदाणा तरी ओळखतो का मला? हितं बाजारात गेलो तर म्हैससुद्धा मान वळवून बघते."

"मग नाही म्हणा की."

"ती रडते रे! रडली की माझ्या तोंडातून हो जातं. तिच्या लहानपणी कोंबडी पाळायला हो म्हणालो तो असाच. लग्नाला हो म्हणालो. तिच्या इस्रायलला जाण्याला हो म्हणालो, तोही असाच. आजपर्यंत पोरीला एकदा नाय म्हणालेलो नाय मी." ते उठले. "तरी साफ कर तू. बहिरा ठरून जाण्यापेक्षा ऐकून जातो."

साफ कर म्हणणं सोपं होतं. गुळात मळलेली पेंड वाळली की तिच्यावर घर बांधता येईल. दाजींच्या ब्रशचे केस गळाले, पेंड गळाली नाही. गरम पाणी माझ्या शास्त्रात बसत नव्हतं. नवं झाकण टेलिफोन ऑफिसात सोमवारशिवाय मिळणार नव्हतं. शेवटी मला कान्हू आठवला. कान्हू माझा शाळेतला मित्र. पेणला गणपतीच्या कारखान्यात असतो. त्यांच्याकडे रंग मारायच्या पिचकारीचा कॉम्प्रेसर आहे आणि नखातली माती काढता येईल इतक्या बारीक कोरण्या आहेत. रविवारी सकाळी मी फक्त झाकण काढून रुमालात बांधलं, चकती रबरबँडने जागेवर बांधून ठेवली आणि पेणची गाडी पकडली.

कान्हूबद्दल एक गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती. मूर्ती साच्यातून निघाली की प्लास्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहून अंगभर भोकं पडतात. ती लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवणं आणि वर घासून गुळगुळीत करणं, हे कान्हूचं काम. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत तो दुसरं काही करत नाही. सीझनमध्ये त्याची आई चहाची गाळणी लपवून ठेवते.

कारखान्यात हजारेक गणपती बिनरंगाचे बसले होते. मी कान्हूच्या हातात झाकण दिलं. "हे कोरून, हवा मारून मोकळं कर. एकच्या गाडीने मला परत जायचंय."

"ठेव तिथं. चहा पिऊन ये," कान्हू मान वर न करता म्हणाला.

मी चहा प्यालो, ताईसाठी पापड घेतले आणि तासाभराने परत आलो. झाकण वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं.

"ओलं हाय अजून," कान्हू म्हणाला. "वाटेत सोडू नको. गुणाजीकाकांनी पण हात मारलाय जरा."

गुणाजीकाका म्हणजे कारखान्यातले सगळ्यात ज्येष्ठ. ते फक्त गणपतीचे डोळे काढतात. एवढ्या मोठ्या माणसाने आमच्या झाकणाला हात लावला ह्याचं मला भारी वाटलं. ओलं का असावं, हा विचार मनात आला होता, पण एकची गाडी त्याच्याहून आधी आली.

वडखळला अलिबागकडे निघालेल्या मुंबईकरांनी नाका अडवून धरला होता. गाडी पाऊण तास जागची हलली नाही. रोह्याला उतरलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती. काका बूथच्या दारात उभे होते. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. फाशी जाणारा माणूस असा तयार होत असावा.

मी वर्तमानपत्र सोडलं आणि झाकण बघितलं.

एकही भोक नव्हतं. कान्हूने आधी सगळी भोकं इमानाने मोकळी केली असतील ह्यात मला शंका नाही. पण मोकळी भोकं समोर दिसल्यावर त्याच्या हाताने नेहमीचं काम केलं होतं. लांबी भरली, घासली, वर पांढरा हात मारला. असं गुळगुळीत पांढरं काहीतरी टेबलावर आल्यावर गुणाजीकाकांनी त्यांचं काम केलं होतं. झाकणाच्या मधोमध एक डोळा होता. टपोरा, लांब पापण्यांचा, कडेला लालसर छटा. काम सुंदर होतं, ते नाकारता येत नाही.

फोन वाजला.

घाईत मला एवढंच सुचलं. मी रबरबँड ओढून काढला, झाकण फिरवून बसवलं आणि रिसिव्हर काकांच्या हातात दिला. काका कानाला लावणार, तेवढ्यात त्यांना डोळा दिसला.

"हैबत्या. हा माझ्याकडं बघतोय."

"पेणला गेला होता ना," मी म्हणालो. "लावा कानाला."

काकांनी कानाला लावला. ऐकलं. भुवया वर गेल्या. पुन्हा ऐकलं. पूर्वी पेंडीतून निदान खरखर यायची, आता तीही नव्हती. त्यांनी रिसिव्हर कानापासून काढून समोर धरला आणि त्या डोळ्याकडे बघितलं. पलीकडे डेबोराताई काय बोलत होती, रडत होती की नव्हती, हे त्यांना कळायला कसलाच मार्ग नव्हता. डोळा कोरडा होता.

आणि मग बहात्तर वर्षांचे एझ्राकाका त्या डोळ्याशी बोलायला लागले.

"डेबोरा, ऐक गो. मी नाय येत. व्हय, नाय येत बोललो. माझे कान ठणठणीत हायत. ह्या फोनच्या भोकांत पेंड मीच भरत होतो, दोन महिने. परवा तर गुळात मळून भरली. का, तर तुला नाय म्हणायला लागू नये म्हणून. तू बोलवतेस ते मायेनं बोलवतेस, मला कळतं. पण हितं सकाळी घाणा चालू केला की आळीला कळतं, एझ्रा उठला. तिकडं मी उठलो काय नि नाय काय, कुणाला कळणार? तुला? तू तर सातला कामावर जातेस. तू ये. पोरींना घेऊन ये, महिनाभर राहा. घाणा विकायचा नाय. मी नाय येत. संपलं."

आणि त्यांनी रिसिव्हर ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदा केलेलं काम एकदम चार वेळा करून झालं होतं.

"काय म्हणाली ती?" त्यांनी मला विचारलं.

"मला कसं कळणार?"

"मग आता?"

काका माझ्याकडे, मी डोळ्याकडे, डोळा आम्हा दोघांकडे. तिने ऐकलंच नसेल तर? ऐकलं, पण म्हातारा आपलंच बोलत सुटला म्हणजे बहिराच आहे, असं धरलं असेल तर? तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

झाकणाशिवायही ऐकू येईल हे मला आता सुचलं आणि मी ते काढायला हात घातला. काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. ह्याच्यासंगे मला बोलायला जमतं."

"काका, नाही म्हणून झालं तुमचं. आता ऐकायचंच राहिलंय."

घंटा वाजत राहिली. सहा झाल्या, सात झाल्या. आठव्या घंटेला काकांनी मनगट सोडलं. मी झाकण काढलं, चकतीला रबरबँड लावला, रिसिव्हर त्यांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं तेवढंच सांगतो. काकांनी रिसिव्हर कानाशी दाबून धरला. मग टोपी काढली, डोकं खाजवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते रडतायत की हसतायत हे पाठीवरून ठरवता येईना.

दार उघडून बाहेर आले तेव्हा दोन्ही चाललं होतं.

"रडली?" मी विचारलं.

"रडली."

"मग? हो म्हणालात?"

"नाय! रडत होती तरी नाय म्हणालो. एकदा नाय बोलून झालं ना, की दुसऱ्यांदा जड नाय जात." ते खुर्चीत बसले. "मग ती हसायलाच लागली. विचारते, 'बाबा, पेंड गुळात मळायची अक्कल कुठून आली?' म्हणते, ज्याला एवढी लबाडी सुचते त्याला न्यायची घाई नाय. दिवाळीच्या टायमाला पोरींना घेऊन येणार हाय. धाकटी नोआ हाय ना, तिला घाणा बघायचाय."

दुसऱ्या दिवशी मी नवं झाकण आणून बसवलं. डोळ्याचं झाकण मी फेकणार होतो, पण ते काकांनी मागून नेलं. आता ते घाण्याच्या दारावर खिळ्याने ठोकलेलं आहे. पेंड न्यायला येणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून आपणहून उधारी मिटवतं, असं काका सांगतात. सुगराचाची म्हणते, तो डोळा बूथमध्येच ठेवायला हवा होता, लतीफचाचांशी बोलताना उपयोगी पडला असता.

काका अजून दर गुरुवारी सकाळी पेपर वाचायला येतात. पेपर अजूनही येत नाही. ते बूथमध्ये बसतात, खिशातून एक मऊ, कोरडा, जुना टूथब्रश काढतात, रिसिव्हर तोंड खाली करून धरतात आणि एकेक भोक मोजून साफ करतात. मी तिथे उभं राहून बघितलेलं त्यांना चालत नाही.

"विश्वास नाय का?" ते विचारतात.

मी नाही म्हणतो. मला जमतं.