कपाचा गोल

पंचफुलाची नोकरी कच्ची होती आणि अक्षर पक्कं. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत ती नकला उतरवायची. साल बहात्तरचं, पाण्याचा पत्ता नाही, आणि हेडक्लार्क वामनरावांनी तिच्यापुढं दीडशे गावांच्या विहिरींचा तक्ता टाकला. आधी दोघांनी त्याची नक्कल केली होती. आकडे बरोबर उतरले, रंग गळाले. तांबड्या शाईतल्या आटलेल्या विहिरी निळ्या झाल्या, टँकर कोरड्या विहिरीवर पाणी भरायला गेला आणि ते दोघे घरी गेले.

"जसंच्या तसं पाहिजे," वामनराव म्हणाले. "एक रेघ चुकली तं उद्यापासून तूही घरी. बरोबर आलं तं साहेबाले सांगून पक्की करतो."

पंचफुला तीन दिवस बसली. तांबड्याला तांबडं, दुहेरी रेघेला दुहेरी. रकान्यांची रुंदी तिनं दोऱ्यानं मोजली. खालच्या कोपऱ्यात, पाच गावांना घेरून, चहाच्या कपाचा तपकिरी गोल होता. तिनं चहा मागवला, बशीत सांडला, कपाचं बूड त्यात बुडवून नकलेवर अलगद टेकवलं. मूळ गोल एका बाजूला फिकट होता. तिकडं तिनं बोटानं टिपून घेतलं.

"हे काय करून ठेवलं वं?" वामनराव ओरडले. "हा तं माह्या कपाचा डाग आहे!"

"तुम्हीच म्हणले ना बाबूजी, जसंच्या तसं."

"डाग कोणी उतरवते काय?"

"खूण कोणती अन् डाग कोणता, मले कसं मालूम?"

तेवढ्यात साहेबांनी नक्कल उचलली, जीपमध्ये टाकली आणि ते बोअर घ्यायला गेले. पंचफुलानं टेबलातला डबा पिशवीत भरला. साहेब येईपर्यंतचीच आपली नोकरी, हे तिला कळलं होतं.

पाचव्या दिवशी साहेब आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्या साली चिखल कोणी पाहिलाच नव्हता. अख्खी कचेरी उठून उभी राहिली.

"गोलातली पाच गावं आधी घेतली," साहेब म्हणाले. "पाचही बोअरना पाणी! ऐंशी फुटांवर! ही खूण उतरवली कोणी?"

वामनरावांनी पंचफुलाकडं बोट दाखवलं. मग टेबलावरच्या आपल्या कपाकडं ते पाहत राहिले, गाभाऱ्यात पाहावं तसे.

पंचफुला त्याच दिवशी पक्की झाली. संध्याकाळी साहेबांनी काटोलकडच्या गावांचा तक्ता पाठवला: नक्कल पाहिजे, खुणेसकट. या तक्त्यावर डाग नव्हता.

वामनराव भरला कप दोन्ही हातांत धरून तिच्या टेबलापाशी आले. चप्पल दाराशीच काढली होती.

"सांग वं माय," ते पुटपुटले, "कुठं ठेवू?"

पंचफुलानं डोक्यावर पदर घेतला.

"मी तं नकलाच करतो, बाबूजी. अस्सल तुमच्याच हातचं."